बदली आणि कामातील सातत्य



शासकीय सेवेत बदली अटळ आहे. एकाच जागी दीर्घकाळ राहिल्याने हितसंबंध निर्माण होतात, हे खरे. परंतु मुदतीपूर्वी होणाऱ्या बदलीची किंमत जनतेला मोजावी लागते. तहसीलदार बदलले की दप्तर नव्या अधिकाऱ्याच्या हाती येते. मात्र कोणत्या वाडीची विहीर आधी आटते, पाणंद रस्त्याचा कोणता तंटा समेटाच्या बेतात आहे, हे दप्तरात क्वचितच सापडते. शेतकऱ्याला तीच हकीकत पुन्हा प्रथमपासून सांगावी लागते. नव्या पद्धतीशी वारंवार जुळवून घेताना कार्यालयातील कर्मचाऱ्यांची उमेदही ओसरते.

यासाठीच महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली विनियमन अधिनियमाने तीन वर्षांचा सर्वसाधारण पदावधी ठरविला आणि बदल्यांसाठी एप्रिल-मे हे महिने नेमले. सनदी अधिकाऱ्यांना किमान कार्यकाळ मिळावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

तथापि कायदा मुदत देतो. अनुभवाचे हस्तांतरण माणसांनीच करावयाचे असते. कार्यभार सोपविताना किल्ल्या व नोंदवह्यांबरोबर अपुऱ्या कामांचे सविस्तर टिपणही दिले जावे. माणूस बदलला तरी काम खंडित होऊ नये, हीच सेवेची खरी कसोटी होय.