पक्षाघात : पहिले साडेचार तास

मेंदूला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, म्हणजे त्या भागातील पेशी प्राणवायूवाचून मरू लागतात आणि तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे अशी लक्षणे एकाएकी दिसतात. यालाच पक्षाघात किंवा लकवा म्हणतात. मोठी धमनी बंद पडल्यास उपचारांवाचून दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तीन तासांच्या आत दिल्यास अपंगत्व टळू शकते, हे १९९५ साली अमेरिकेतील चाचणीने दाखवून दिले आणि २००८ मधील युरोपीय अभ्यासानंतर ही मुदत साडेचार तासांवर गेली. मोठ्या धमनीतील गुठळी बारीक नळीने ओढून काढण्याची पद्धत २०१५ पासून सर्वमान्य झाली असून, निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंतही उपयोगी पडते. मात्र धमनी फुटून रक्तस्राव झाला असेल, तर तेच इंजेक्शन घातक ठरते, आणि हा भेद लक्षणांवरून खात्रीने ओळखता येत नसल्यामुळे आधी सीटी स्कॅन करावा लागतो. त्यामुळे ही सोय नसलेल्या दवाखान्यात सलाईन लावून घालवलेला तास हा रुग्णाच्या हातापायांतून वजा होणारा तास असतो.

रुग्णालयात नातेवाइकांना पहिला प्रश्न विचारला जातो, तो रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला हा; रात्री दहाला नीट झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळा हात घेऊन उठला, तर वेळ दहापासून धरली जाते, तरीही विशेष स्कॅन करून अशा काहींवर उपचार करता येतात. घरी चहा-पाणी पाजल्यास ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, आणि रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी परस्पर देणे तर सर्वथा टाळावे. लक्षणे दहा मिनिटांत ओसरली, तरी तो येऊ घातलेल्या झटक्याचा इशारा असू शकतो व त्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो.

प्रतिबंधाचा विचार करता उच्च रक्तदाबाइतके मोठे कारण दुसरे नाही, आणि काही त्रास होत नाही म्हणून गोळी बंद करणे ही त्यातील सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच त्रास देत नाही. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवायचे, तर पापड, लोणचे, फरसाण, खारवलेली मासळी यांतील मीठही मोजावे लागते. तंबाखू, मग ती विडीतील असो वा मशेरीतील, सोडणे, मधुमेह आटोक्यात ठेवणे, रोज चालणे आणि हृदयाचे ठोके अनियमित असल्यास वैद्यकीय सल्ल्याने औषध घेणे हेही तितकेच आवश्यक आहे.

श्रोत्यांनी आपल्या घरापासून चोवीस तास सीटी स्कॅन होणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी आजच करून ठेवावी, आणि लक्षण दिसताच वेळ टिपून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.