आधीं जुळणी, मग खरेदी

मूर्तिजापूरचें जंक्शन वऱ्हाडांतील मंडळींस अपरिचित नाहीं. मुंबई-नागपूर मार्गाच्या दोन रुळांमध्यें १६७६ मिलिमीटर अंतर आहे. तेथूनच यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या ‘शकुंतले’च्या रुळांमध्यें तें ७६२ मिलिमीटर होतें. दोन्ही आगगाड्याच, परंतु एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालणें शक्य नव्हतें. उतारूंस तेथें गाडी बदलावीच लागे.

त्याच मोठ्या मार्गावरील नांदुऱ्यास एखादा विद्यार्थी खेळांसाठीं पहिला संगणक स्वतः जुळवूं म्हणतो, तेव्हां हाच प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर गेल्यास दुकानदारास विचारतां तरी येतें. घरपोंच मागविलेल्या भागांतील चूक मात्र खोकें उघडल्यावर कळते.

प्रथम पाहावयाची ती प्रोसेसर व मदरबोर्ड यांची सोयरीक. एएमडीचा एएम-४ बैठकीचा प्रोसेसर २०२२ सालच्या एएम-५ बैठकींत बसतच नाहीं. हा भेद उघड आहे. इंटेलचा १,१५१ संपर्कबिंदूंचा प्रकार अधिक फसवा. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर २०१७ सालीं आलेला आठव्या पिढीचा प्रोसेसर बसल्यासारखा दिसतो. पण चालत नाहीं. माप जुळलें, परंतु मन जुळलें नाहीं! म्हणून बोर्डाच्या निर्मात्यानें दिलेली प्रोसेसरांची यादी वाचावी, आणि त्यासाठीं बायॉसची कोणती आवृत्ति लागते तेंही पाहावें.

स्मरणपट्ट्यांचेंही तसेंच. डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोन्ही पट्ट्यांस संपर्कबिंदू २८८ च. मात्र खांच निराळ्या जागीं असते. एएम-५ ला डीडीआर-५ च लागते. पट्टी बसेना म्हणून अंगठ्याचा जोर लावणें म्हणजे पट्टी आणि बोर्ड दोहोंवर पाणी सोडणें होय.

यानंतर फूटपट्टी घ्यावी. ग्राफिक्स कार्डाची लांबी व पंख्याची उंची पेटींत मावते काय, हें मिलिमीटरांत ताडून पाहावें. वीजपुरवठ्याच्या एककाची शक्ति कार्ड-निर्मात्यानें सांगितलेल्या वॅटांहून कमी नसावी, व कार्डास लागणाऱ्या जोडण्या त्यास असाव्यात. इंटेलच्या ज्या प्रोसेसराच्या नांवाअखेर ‘एफ’ आहे, त्यांत चित्र दाखविण्याची सोय नसते; निराळें कार्ड नसल्यास पडदा काळाच राहील. वऱ्हाडचा उन्हाळा ध्यानांत घेऊन पेटींत वारा खेळता राहील, हेंही पाहावें.

‘खेळासाठीं एवढा खर्च कशास?’ असा वडिलांचा प्रश्न असतो, आणि तो गैर नव्हे. घरांतील पैसा काटकसरीनें सांठविलेला असतो. त्यास रुसवा हें उत्तर नव्हे. एका कागदावर प्रत्येक भागाचें नांव, बैठक, माप, वॅट आणि किंमत लिहून मुलानें तो वडिलांपुढें ठेवावा. त्या कागदावरून मुलाची हौस तर कळेलच, पण त्याची जबाबदारीची जाणीवही कळेल. आणि एकदां ती कळली, म्हणजे वडिलांचा हात आपण होऊन खिशाकडे जातो.