दीर्घ लहरींचे हौशी उपासक



स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर वारबर्ग शहराजवळ ग्रिमेटन नावाचे एक खेडे आहे. तेथील जुन्या बिनतारी केंद्रातील एक अजस्र यंत्र बहुतेक वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी फिरू लागते. त्या यंत्रात व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टरही नाही. पोलादाची एक प्रचंड चकती मिनिटास सुमारे २,११५ फेरे घेते आणि तिच्या कडेला ४८८ खाचा आहेत. फेऱ्यांना खाचांनी गुणून ६० ने भागले की सेकंदास सुमारे १७,२०० कंपने, अर्थात् १७.२ किलोहर्ट्झ, हा आकडा हाती येतो. हीच त्या केंद्राच्या लहरीची कंपनसंख्या. जन्माने स्वीडिश असलेल्या अर्न्स्ट अलेक्झांडरसन या अभियंत्याने अमेरिकेत हे यंत्र सिद्ध केले, आणि १९२४ च्या डिसेंबरात ग्रिमेटनहून अमेरिकेशी संदेशांचा व्यवहार सुरू झाला. त्यासाठी २०० किलोवॅटची शक्ती आणि १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे लागले. २००४ मध्ये या केंद्राची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. त्याचा वार्षिक संदेश टिपण्यासाठी अनेक देशांतील हौशी मंडळी आजही तारा बांधून बसतात.

राज्यसंस्थांनी व मोठ्या कंपन्यांनी ज्या लहरींसाठी एवढे मनोरे उभारले, त्या लहरींशी परसातील एका तारेच्या आधारे खेळ मांडणारे हे लोक कोण, आणि त्यांना त्यातून काय मिळते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभी थोडा इतिहास सांगावयास हवा. लहर जितकी लांब तितका संदेश दूर जातो, अशी विसाव्या शतकाच्या प्रारंभी तज्ज्ञांची समजूत होती. म्हणून १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशी प्रक्षेपकांची रवानगी २०० मीटर व त्याहून आखूड लहरींकडे केली. उपयोगी जमीन मोठ्यांनी घ्यावी आणि खडकाळ माळ धाकट्यांच्या वाट्याला यावा, असाच हा प्रकार होता. परंतु माळ कसणाऱ्यांनाच तेथे पाणी लागले. १९२१ च्या डिसेंबरात पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी तज्ज्ञ स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे एका तंबूत ग्राहकयंत्र घेऊन बसला आणि कनेक्टिकटमधील हौशी केंद्राचा संदेश त्याने अटलांटिकच्या अलीकडे ऐकला. १९२३ च्या नोव्हेंबरात सुमारे १०० मीटरच्या लहरीवर फ्रान्समधील नीस आणि अमेरिका यांच्यात दोन्ही बाजूंनी संभाषण झाले. मार्कोनी कंपनीचे संशोधनही याच सुमारास त्या दिशेने चालले होते. त्याचे फळ आपल्याकडेही आले. १९२७ मध्ये पुण्याजवळील खडकी येथून प्रक्षेपण आणि दौंड येथे ग्रहण, अशी इंग्लंडशी आखूड लहरींवरील दळणवळणाची सोय झाली. महाकाय दीर्घलहरी केंद्रांचे दिवस हळूहळू सरले.

आता गंमत अशी की, एकेकाळी ज्या लहरींपासून हौशी मंडळींना दूर ठेवण्यात आले, त्यांच्याकडेच ती परतली आहेत. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ आणि २०१२ च्या परिषदेने ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हे दोन अरुंद पट्टे हौशी प्रयोगकर्त्यांस मोकळे केले. यांपैकी पहिल्या पट्ट्यात उत्सर्जित शक्तीची मर्यादा अवघी एक वॅट आहे.

एक वॅट ऐकताच ही मर्यादा जाचक वाटेल. वास्तविक तेवढी गाठणेही कठीण असते. १३७ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २,१९० मीटर. तिला अनुरूप असा पाव लहरीचा मनोरा साडेपाचशे मीटर उंच व्हावा लागेल. सामान्य गृहस्थाजवळ असतो दहापंधरा मीटरांचा खांब. उंचीची ही तूट तो तारेच्या मोठ्या वेटोळ्याने भरून काढू पाहतो. परंतु यंत्रातून निघालेल्या शेकडो वॅटांपैकी बहुतेक शक्ती वेटोळ्याच्या व जमिनीच्या उष्णतेत विरून जाते. ८.३ किलोहर्ट्झच्या खाली आंतरराष्ट्रीय वाटपच नाही. म्हणून काही धाडसी मंडळी तेथेही उतरली. तेथील लहर ३६ किलोमीटर लांब आहे. तिचा पाव भाग उभा केला तर तो एव्हरेस्टहूनही उंच होईल! शंभर वॅट ओतून तेथे वॅटचा लक्षांश जरी अवकाशात गेला, तरी प्रयोगकर्ता समाधान मानतो. सारांश, अल्पशक्ती हे येथे केवळ व्रत नाही. ती निसर्गाने घातलेली अट आहे.

मग एवढ्या क्षीण लहरीचा शोध दूरच्या माणसाला लागतो कसा? याचे उत्तर वर्गातील अनुभवावरून समजेल. मुलांचा गोंगाट चालू असताना एक मुलगा बाकावर सावकाश, एकसारख्या ठेक्यात टिचक्या मारीत आहे अशी कल्पना करा. एक टिचकी ऐकू येणार नाही. परंतु ठेका ठाऊक असेल आणि कान पुष्कळ वेळ लावला, तर गोंगाट आपोआप कटतो आणि ठेका उरतो. कारण गोंगाटाला ताल नाही. हौशी मंडळी मोर्स लिपीतील एक बिंदूच तीन, दहा, किंबहुना साठ सेकंद लांबवितात. तो कानांनी न ऐकता संगणकाच्या पडद्यावर रेघ म्हणून पाहावयाचा असतो. ताऱ्यांच्या स्पंदनांचा अभ्यास करून १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे जोसेफ टेलर हे स्वतः हौशी रेडिओवाले. त्यांनी २००८ मध्ये ‘विस्पर’ नावाची पद्धती प्रसृत केली. तिच्यात प्रेषकाची खूण, त्याचे स्थान आणि शक्ती एवढाच मजकूर सुमारे एकशे दहा सेकंदांत जातो. आखूड लहरींवर या पद्धतीने अर्ध्या वॅटहून कमी शक्ती सहस्रावधी किलोमीटर दूर ओळखली जाते.

२०१४ मध्ये तर उत्तर कॅरोलायनातील एका हौशी प्रयोगकर्त्याने ९ किलोहर्ट्झच्या किंचित खाली सोडलेली लहर इंग्लंडमध्ये ओळखली गेली. तिची उत्सर्जित शक्ती एक मिलिवॅटहूनही कमी होती. त्यासाठी दोन्ही टोकांची घड्याळे उपग्रहांच्या काळाशी काटेकोर जुळवावी लागतात आणि तासन्‌तास वाट पाहावी लागते. त्या लहरीतून बातमी आली नाही, संभाषण झाले नाही. “मी येथे आहे” एवढेच कळले.

यात उपयोग कोणता, असे कोणी विचारील. पृथ्वीचा पृष्ठभाग आणि साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरील आयनांचा थर यांच्यामधून ही लहर जणू बोगद्यातून जावी तशी जाते. सूर्यावर स्फोट झाला की तो थर बदलतो आणि लहरीचे बळ कमीजास्त होते. घरबसल्या सूर्याची नाडी पाहण्याचे हे साधन आहे. या लहरी समुद्राच्या पाण्यातही काही मीटर खोल शिरतात. म्हणून पाणबुड्यांस आज्ञा देण्यासाठी नौदले त्या वापरतात. तिरुनेलवेलीजवळचे आपले आय.एन.एस. कट्टबोम्मन केंद्र १९९० पासून याच कामी आहे. दुसऱ्या केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणात विकाराबादजवळ दामगुंडम येथे झाली. त्यासाठी सुमारे २,९०० एकर वनभूमी देण्यात आली आणि झाडांच्या चिंतेने स्थानिक लोकांनी विरोधही केला. एकीकडे हा पसारा आणि दुसरीकडे परसातील तार. परंतु दोघांचे पदार्थविज्ञान एकच आहे, आणि ते समजून घेण्याचा अधिकार परसातल्या माणसालाही आहे.

खरे संकट मात्र निराळेच आहे. घरोघरी आलेले स्वस्त चार्जर, विजेचे नवे दिवे आणि इतर उपकरणे नेमक्या याच पट्ट्यांत अखंड खरखर ओततात. शक्ती वाढवून हा गोंगाट हटत नाही; ऐकणाऱ्यालाच ग्राहकयंत्र व बॅटरी घेऊन गावाबाहेरच्या शेतात जावे लागते. उद्या तेथेही शांतता उरली नाही, तर वॅटचा लक्षांश ओळखण्याची ही विद्या निरुपयोगी ठरेल.

ज्या विद्यार्थ्याला या मार्गाची गोडी वाटेल, त्याने प्रथम ऐकावयास शिकावे. १७.२ किलोहर्ट्झची लहर संगणकाच्या ध्वनियंत्रणेच्या आवाक्यातच आहे. तार, वेटोळे आणि चिकाटी एवढे साहित्य आरंभाला पुरते. प्रक्षेपणासाठी मात्र केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घेतलाच पाहिजे, आणि परवान्यात जे पट्टे व जेवढी शक्ती नमूद असेल तेवढ्यातच राहिले पाहिजे. पहिल्या रात्री बहुधा खरखरीखेरीज काहीच ऐकू येणार नाही. त्या रात्रीचीही नोंद वहीत करावी. वेळ, हवामान आणि घरात कोणते दिवे चालू होते, हे लिहावे. दुसऱ्या रात्री त्यांतील एक दिवा मालवून पुन्हा ऐकावे.