खरवडलेलं घर



आज जाऊ या चेक प्रजासत्ताकातल्या टेल्च गावी.

१५३० साली इथं मोठी आग लागली.
मग बाजारचौकाभोवतीची घरं नव्यानं उभी राहिली.
खाली कमानींचा ओटा...
वर नक्षीदार दर्शनी भिंत.

त्यातलं एक कोपऱ्यावरचं घर पाहा.
भिंतभर चित्रं आहेत...
पण ती रंगवलेली नाहीत, खरवडलेली आहेत!

आधी गडद गिलावा.
त्यावर चुन्याचा पांढरा हात.
तो ओला असतानाच टोकदार हत्यारानं खरवडायचा...
की खालचा काळसर थर रेघ होऊन उमटतो.
या कलेचं नाव स्ग्राफितो.

१९९२ पासून हा चौक जागतिक वारशाचा भाग आहे.

तेव्हा लक्षात ठेवा...
हे घर रंगवलेलं नाही,
खरवडलेलं आहे.