तहकुबीची सत्तर वर्षे



आजच्या व्याख्यानाचा विषय चालकांनी ‘अण्वस्त्रांची छाया’ असा जाहीर केला आहे. विषय भारदस्त आहे, आणि छाया तर साऱ्या पृथ्वीवर पडलेली आहे. एवढ्या छायेखाली तासाभरात हिंडून येणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून मी आज एकच देश घेणार आहे, किंबहुना एका देशाचे दोन तुकडे घेणार आहे. तो देश म्हणजे कोरिया.

हजार वर्षांहून अधिक काळ हा देश एक होता. भाषा एक, लिपी एक, पितरांना नैवेद्य दाखवण्याची रीतही एकच. त्याचे दोन तुकडे कसे झाले ही हकिकत ऐकण्यासारखी आहे. १९४५ च्या ऑगस्टात जपान शरण येणार असे दिसू लागले. उत्तरेकडून रशियन फौजा कोरियात उतरत होत्या. तेव्हा १० ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकन कर्नलांना सांगण्यात आले, की जपान्यांची शस्त्रे आपण कोठवर घ्यायची आणि रशियाने कोठवर, ते ठरवा. त्यांना वेळ मिळाला अर्ध्या तासाचा, आणि हाताशी नकाशा होता तो ‘नॅशनल जिओग्राफिक’चा. त्यांनी ३८ व्या अक्षांशावर बोट ठेवले. त्या दोघांपैकी एक डीन रस्क. हे गृहस्थ पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. त्या रेघेने नदी पाहिली नाही, डोंगर पाहिला नाही, कोणाचे घर इकडे आणि शेत तिकडे जाते हेही पाहिले नाही. रेघ तात्पुरती होती; पण १९४८ साली तिच्या दोन अंगांना दोन सरकारे उभी राहिली, आणि दोघांचाही दावा एकच: सगळा वाडा माझा, तू उपरा. भाऊबंदकी म्हणजे काय हे महाराष्ट्रात समजावून सांगण्याची गरज नाही.

२५ जून १९५० रोजी उत्तरेच्या फौजा ही रेघ ओलांडून आल्या. तीन वर्षांत सेऊल शहर चार वेळा या हातातून त्या हातात गेले. अमेरिका आली, चीन आला, मृतांचा आकडा वीस लाखांच्या वर गेला. त्यांत सैनिकांपेक्षा साधी माणसे अधिक. अमेरिकन विमानांनी सुमारे ६ लाख ३५ हजार टन बाँब टाकले. उत्तरेतली शहरे इतकी सपाट झाली, की लोक जमिनीखाली राहू लागले. ही आठवण ध्यानात ठेवा. तिच्यावाचून उत्तर कोरियाचे पुढचे वागणे कळणार नाही. ३० नोव्हेंबर १९५० रोजी वार्ताहरांपुढे बोलताना अध्यक्ष ट्रूमन यांनी अणुबाँबचा विचार चालूच असतो असे उद्गार काढले, आणि ब्रिटनचे पंतप्रधान अ‍ॅटली धावतपळत वॉशिंग्टनला गेले. बाँब तेव्हा पडला नाही. पण आपल्यावर तो पडू शकतो हे उत्तरेला त्या दिवशी कळले.

२७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे सह्या झाल्या. कशावर? तहावर नव्हेत, तहकुबीवर. युद्ध तहकूब केले, मिटवले नाही. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी तर तेवढ्यावरही सही करू दिली नाही. आडवी चार किलोमीटर रुंदीची निर्लष्करी पट्टी आखली गेली, आणि ‘राजकीय बैठकीत पुढचे ठरेल’ असे लिहून ठेवले. १९५४ साली जिनिव्हात ती बैठक झाली आणि काही न ठरता उठली. तेव्हापासून आजतागायत दोन्ही राज्ये कायद्याच्या भाषेत युद्धातच आहेत.

येथे आपल्या माणसांचा संबंध येतो. सुमारे २२ हजार चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांचा निवाडा करण्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि कैद्यांवर देखरेख करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. री यांनी भारतीय शिपायाचे पाऊल दक्षिणेच्या भूमीला लागू देणार नाही असा हट्ट धरला. तेव्हा आपली हजारो माणसे बंदरातून हेलिकॉप्टरांनी उचलून त्या निर्लष्करी पट्टीत नेऊन ठेवावी लागली. त्यांच्या छावणीचे नाव होते हिंदनगर. कैदी दोन तटांत फुटलेले, एकमेकांच्या जिवावर उठलेले. एकदा त्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यालाच आत धरून ठेवले. थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि गोळी न झाडता, बोलूनचालून त्याला बाहेर घेऊन आले. हा प्रसंग पराक्रम म्हणून सांगत नाही. ज्या माणसावर दोन्ही तटांचा राग होता, तो दोन्ही तटांशी बोलू शकत होता, एवढेच त्यातून घ्यायचे आहे. दोन्हीकडच्या राज्यांना नाकारून ८८ कैदी १९५४ साली बोटीतून भारतात आले. काही पुढे दक्षिण अमेरिकेत गेले, थोडे येथेच राहिले.

आता एका झाडाची गोष्ट. आपल्याकडे बांधावरच्या झाडापायी दोन-दोन पिढ्या कोर्टाची पायरी चढतात. सावली माझ्या पिकावर, मूळ तुझ्या शेतात आणि फांदी तिसऱ्याच्या डोक्यावर! कोरियाच्या बांधावर असेच एक झाड होते. पानमुनजोमच्या संयुक्त पहाऱ्याच्या आवारात, पुलाजवळ, चाळीस फूट उंचीचा एक पॉप्लर. उन्हाळ्यात तो पानांनी भरला की संयुक्त राष्ट्रांच्या एका चौकीला दुसरी चौकी दिसत नसे. १८ ऑगस्ट १९७६ रोजी दक्षिणेकडची मजूरमंडळी पहारेकऱ्यांसह फांद्या छाटायला गेली. उत्तरेचा अधिकारी आला, काम थांबवा म्हणाला. हे झाड आमच्या किम इल-सुंग यांनी लावले आहे, असे त्याचे म्हणणे. छाटणी थांबली नाही. हाणामारी झाली, मजुरांच्याच कुऱ्हाडी उचलल्या गेल्या आणि दोन अमेरिकन अधिकारी तेथे मारले गेले.

पुढचे तीन दिवस जगाने श्वास रोखून काढले म्हटले तरी चालेल. मात्र त्या वेळी पुष्कळांना ते ठाऊकही नव्हते. २१ तारखेला सकाळी सात वाजता तेवीस गाड्यांचा ताफा करवती घेऊन त्या झाडापाशी गेला. पाठीमागे हेलिकॉप्टरे घिरट्या घालीत होती, समुद्रात विमानवाहू नौका उभी होती, आणि आकाशात ग्वामहून आलेली बी-५२ विमाने होती, जी अणुबाँब वाहून नेण्यासाठीच बांधलेली. हे सारे एक झाड तोडण्यासाठी! उत्तरेचे दीड-दोनशे शिपाई यंत्रबंदुका घेऊन पुलापलीकडे आले आणि नुसते पाहत राहिले. पाऊण तासाच्या आत झाड पडले. त्यातल्या एका शिपायाचा हात घसरला असता, तर आज आपण त्या झाडाचे नाव सरायेव्होच्या पिस्तुलाशेजारी वाचले असते. त्याच दिवशी किम इल-सुंग यांचा खेद व्यक्त करणारा संदेश आला. पण माझ्या मते खरे काम झाले ते सप्टेंबरात. तोपर्यंत त्या आवारात दोन्ही बाजूंचे शिपाई सरमिसळ वावरत; आता मधोमध रेघ आखली, खुंट रोवले, आणि ह्याने इकडे, त्याने तिकडे असे ठरले. विमानांनी झाड पाडले. दुसरी कुऱ्हाड उठू नये याची तजवीज मात्र त्या खुंटांनी केली.

कोरियात अण्वस्त्रे प्रथम कोणी आणली? उत्तरेने नव्हे. तहकुबीच्या मसुद्यात नवी शस्त्रे आणू नयेत असे कलम होते. १९५७ साली अमेरिकेने ते आपल्यावर बंधनकारक नाही असे जाहीर केले, आणि १९५८ पासून १९९१ पर्यंत दक्षिणेत अमेरिकन अण्वस्त्रे होती. ऐन भरात तर शेकड्यांनी. ती गेली तोवर उत्तरेने आपली भट्टी पेटवली होती. १९९४ च्या जूनमध्ये त्या भट्टीवर हल्ला करावा काय, असा विचार वॉशिंग्टनमध्ये चालू असताना जिमी कार्टर प्याँगयांगला जाऊन बोलून आले, आणि ऑक्टोबरात करार झाला. तो आठ वर्षे लंगडत चालला आणि मोडला. तो दोन्हीकडून मोडला. नुसत्या उत्तरेला दोष देणे सोपे आहे, पण पुरते खरे नाही. ९ ऑक्टोबर २००६ रोजी उत्तरेने पहिला स्फोट केला, आणि ३ सप्टेंबर २०१७ रोजी सहावा, हिरोशिमाच्या अनेक पट मोठा. आज तिच्याकडे सुमारे ५० बाँब असावेत असा जाणत्यांचा अंदाज आहे.

येथे एक प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. बाँबच्या धाकानेच तर इतकी वर्षे युद्ध झाले नाही ना? हिशेब करून पाहा. १९५३ ते २००६ ही त्रेपन्न वर्षे उत्तरेकडे बाँब नव्हता. तरी मोठे युद्ध झाले नाही. बाँब आल्यावर, २०१० च्या मार्चमध्ये दक्षिणेची ‘चेओनान’ ही युद्धनौका बुडून ४६ खलाशी गेले. आंतरराष्ट्रीय चौकशीने तो उत्तरेच्या पाणतीराचा वार ठरवला, उत्तरेने नाकारला. नोव्हेंबरात येओनप्योंग बेटावर तोफा डागल्या गेल्या, चार माणसे मेली. म्हणजे बाँबने चकमकी थांबवल्या नाहीत. बाँबने राखली ती राजगादी, हे मात्र कबूल केले पाहिजे. इराकचे आणि लिबियाचे काय झाले ते किम घराण्याने पाहिलेले आहे.

खरा घोर वेगळा आहे. सेऊल सरहद्दीपासून जेमतेम पन्नास किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळा आहे त्याहूनही जवळ. तेथवर तोफगोळा पोहोचतो. क्षेपणास्त्राला मिनिटे पुरतात. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तरेने कायदा केला, की आमच्या नेतृत्वावर हल्ला होणार असे दिसले तर आम्ही आधी अण्वस्त्र वापरू, आणि हुकूम देणारी यंत्रणाच धोक्यात आली तर मारा आपोआप सुरू होईल. दक्षिणेचीही योजना उघड आहे: उत्तर मारा करणार असे दिसले की आधीच तिची क्षेपणास्त्रे उडवायची, आणि तिने मारा केलाच तर तिच्या नेतृत्वाचा नाश करायचा. दोघेही म्हणतात, ‘तू हात उगारलास असे दिसले, की मी मारणार.’ मग सगळे ‘दिसण्यावर’ आले. आणि १९७६ साली काय दिसत नव्हते? समोरची चौकी!

म्हणून मला बाँबांच्या मोजदादीपेक्षा एका क्षुल्लक वस्तूची चौकशी अधिक महत्त्वाची वाटते. ती म्हणजे दूरध्वनी. आपल्या उपखंडातही दोन अण्वस्त्रधारी शेजारी आहेत. मे २०२५ मधल्या लढाईत गोळीबार थांबण्याची वाट दोन्हीकडच्या सैनिकी कारवाईप्रमुखांच्या दूरध्वनीतूनच गेली, हे आपण विसरू नये. कोरियात दोन्ही सरकारांमध्ये रोज सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाच वाजता घंटी वाजवण्याचा प्रघात होता. बोलायचे काही नसले तरी ‘आहात ना?’ एवढे विचारायचे. पण राग आला की पहिली तार तुटते ती हीच. संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीची तारही २०१३ साली उत्तरेने बंद केली. मग पाच वर्षे त्यांचे अधिकारी रेघेपाशी उभे राहून कर्णा तोंडाला लावून निरोप ओरडून सांगत, आणि पलीकडचे शिपाई उत्तर न देता ते चित्रफितीवर टिपून घेत. एकीकडे खंड ओलांडणारी क्षेपणास्त्रे, आणि निरोपाला कर्णा!

२०१८ साली दोन्ही नेते पानमुनजोमला हातात हात घालून रेघ ओलांडताना साऱ्या जगाने पाहिले. त्या ऑगस्टात ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी झाल्या, त्या शेवटच्या. भेटीसाठी दक्षिणेत नावे नोंदवली होती १ लाख ३० हजारांहून अधिक माणसांनी. त्यांतली बहुतेक आज हयात नाहीत. जून २०२० मध्ये उत्तरेने दोघांची संपर्क-कचेरी सुरुंग लावून उडवली. एप्रिल २०२३ पासून नऊ आणि पाचच्या घंटीला उत्तर येणे बंद झाले. जानेवारी २०२४ मध्ये किम जोंग-उन यांनी एकीकरणाची भाषाच सोडली. दक्षिण हे शत्रुराष्ट्र, असे जाहीर केले. त्या ऑक्टोबरात सरहद्दीवरचे दक्षिणेला जोडणारे रस्ते उडवून द्यायचे ठरले.

ते उडवण्याच्या काही दिवस आधी, ९ ऑक्टोबरला सकाळी, उत्तरेच्या सैन्याने दूरध्वनी उचलला आणि अमेरिकन सैन्याला कळवले, की आम्ही सरहद्दीवर असे असे काम काढत आहोत. कारणही सांगितले: गैरसमजाने अपघाती चकमक होऊ नये म्हणून. भावाशी अबोला होता, तरी ती एक तार चालू होती. रस्ते १५ तारखेला उडाले.