डोळ्यांपुढून जात नाही ते



सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. माझ्या थोरल्या जाऊबाई आणि भासरे दर्यापूरहून अंजनगावला मोटरसायकलनं येत होते. अंधार पडला होता. रस्त्याच्या कडेला कापसानं भरलेली ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता. भासऱ्यांचा पाय मोडला, पुढे तो बराही झाला. जाऊबाईंना नुसतं खरचटलं होतं. सगळे म्हणाले, देवाची कृपा.

पण सहा महिन्यांनी भासरे शेतात जायला लागले आणि जाऊबाई घरात बसल्या. आमच्या गावात ट्रॅक्टरचा आवाज दिवसातून किती वेळा येतो, हे तुम्हाला सांगायला नको. तो आला की त्यांच्या हातातलं काम गळून पडायचं. रात्री दचकून उठायच्या. मला म्हणाल्या, "मले तं अजूनबी ते ट्रॉली डोयापुढं दिसते. झाली गोष्ट नाही वाटत, आत्ताच होऊन राह्यली असं वाटते."

हे शेवटचं वाक्य मी विसरले नाही. आघातानंतरच्या या आजाराचं याहून नेमकं वर्णन मी नंतर कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही. आपल्या अंजनगावचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे. दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांची लढाई इथे कागदावर संपली. माणसाच्या शरीराला मात्र असा कागद कोणी आणून देत नाही. अपघात होऊन वर्ष उलटतं, तरी लढाई चालूच आहे असं समजून छाती धडधडत राहते. घरचे म्हणतात, "झालं गेलं, इसरून जाय." विसरणं हातात असतं, तर ती बाई पहिल्याच दिवशी विसरली असती.

पुण्याला शिकणाऱ्या भाच्यानं ईएमडीआर या मानसोपचाराचं नाव सांगितलं. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकी मानसतज्ज्ञ बाईंना १९८७ साली फिरताना जाणवलं, की डोळे इकडून तिकडे हलत असताना त्रासदायक विचाराची धार कमी होते. १९८९ मध्ये त्यांनी त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्रास देणारी आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी उपचार करणाऱ्याच्या हलत्या बोटांमागे नजर न्यायची; किंवा दोन्ही हातांवर आळीपाळीनं हलकी थाप, नाहीतर दोन्ही कानांत आळीपाळीनं आवाज. मनाला एका वेळी दोन कामं पडली, की आठवणीचा जोर ओसरतो, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. डोळ्यांच्या हालचालीचा त्यात नेमका किती वाटा, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. आघातानंतरच्या त्रासावर ही पद्धत चालते, याला मात्र चांगला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये तिची शिफारस केली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेत बाहेरून प्रशिक्षक आले आणि आपल्या मानसतज्ज्ञांनी हे काम त्यांच्याकडून शिकून घेतलं.

तर आम्ही शोधायला निघालो, आणि पहिल्या खेपेला चुकलो. एका शहरातल्या समुपदेशकाकडे गेलो. ओळख झाली न झाली तोच त्यानं बोटं हलवायला सुरुवात केली आणि "अपघात आठवा" म्हणाला. जाऊबाईंनी आठवला. घरी आल्या आणि तीन रात्री झोपल्या नाहीत. "हे तं मोहिनी टाकनं हाये, मी जाणार नाही," म्हणाल्या. ही मोहिनी नव्हे, संमोहनही नव्हे. माणूस पूर्ण जागा असतो, हात वर करून केव्हाही थांबवू शकतो. पण त्यांना हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझं सगळं सांगणं या एका जागेवर येऊन थांबतं. चांगला ईएमडीआर करणारा ओळखायचा तो बोटं हलवण्याआधी काय करतो यावरून. या उपचाराच्या आठ पायऱ्या आहेत. डोळ्यांचं काम सुरू होतं चौथ्या पायरीवर. आधीच्या तीन गाळणाऱ्याकडे जाऊ नका.

दुसऱ्या ज्या बाई भेटल्या, त्यांनी पहिल्या दोन भेटींत अपघाताला हातच लावला नाही. झोप, गोळ्या, फिट येते का, जिवाचं बरंवाईट करावंसं कधी वाटलं का, घरी कोण असतं, हे सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला कुठं बसलं की बरं वाटतं?" जाऊबाई म्हणाल्या, "बाबाच्या पानमळ्यात." वेलींची ती गार सावली, ओल्या मातीचा वास, पाटाचं पाणी. त्या जागेवर मनानं जायचं आणि परत यायचं, याचा सराव त्यांनी करून घेतला. जीव घाबरा झाला तर परतायला वाट हवी, म्हणून. नंतरच आठवण उघडली.

"त्रास शून्य ते दहा, किती?" असं या पद्धतीत विचारतात. जाऊबाई म्हणाल्या, "सोळा आणे." त्या बाईंनी आकड्याचा हट्ट धरला नाही. पुढे प्रत्येक भेटीत त्या आण्यांतच विचारत गेल्या. मला वाटतं, इलाज तिथेच अर्धा लागू पडला. तुमची वऱ्हाडी ऐकून ज्याच्या कपाळावर आठी येते, त्याच्यापुढे रडू येणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या गावाला फार मोलाची. यात सगळी हकीकत तोंडानं सांगावी लागत नाही. जिथे अर्धा गाव नात्यातला आणि उरलेला ओळखीचा, तिथे अनेक बायांच्या गोष्टी ओठांवर येतच नाहीत. आत काय दिसतं ते पाहायचं, सांगावंसं वाटेल तेवढंच सांगायचं. जाऊबाईंच्या मनात रुतलेलं होतं ते एकच: "माह्यामुळंच झालं, मीच म्हटलं होतं लवकर चाला." सहा महिने हे वाक्य त्यांनी आम्हा कोणाला सांगितलं नव्हतं.

विचारायचं ते फोनवरच विचारा, संकोच करू नका. मूळ शिक्षण काय? मनोविकारतज्ज्ञ असेल तर वैद्यकीय पदवी; चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. ईएमडीआरचं शिक्षण कुठं घेतलं, आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम केलं का? अमेरिकेतल्या संघटनेच्या निकषात वीस तास शिकवणी, वीस तास सराव आणि दहा तास सल्लामसलत धरलेली आहे. शनिवार-रविवारच्या भाषणातून हे येत नाही. दोन भेटींच्या मध्ये त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा? फी किती, भेटी किती? एका अपघाताचं दुखणं थोड्या भेटींत हलू शकतं. लहानपणापासून सोसलेल्या मारहाणीला खूप वेळ लागतो. "एका बैठकीत बरं करतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठा.

भेट सकाळची घ्या, सोबत कोणीतरी न्या, परतताना स्वतः गाडी चालवू नका. त्या रात्री स्वप्नं पडतात, थकवा येतो. मोबाइलवरूनही हा उपचार होतो, पण दार लावता येईल अशी खोली लागते. एकत्र घरात ती मागून घ्यावी लागते, आणि ती द्यावी.

प्रत्येक काळजीवर मात्र हा इलाज नाही. मागे कुठली आठवण नसेल, नुसतीच सतत फिकीर, धडधड असेल, तर विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारे उपचार आणि गरज पडली तर औषध, यांना जास्त भक्कम आधार आहे. थायरॉईड, रक्त तपासून घ्या. आणि कर्जाच्या भीतीला कर्जावरचाच उपाय लागतो. ती भीती खरी आहे. तिला आजार म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं.

तज्ज्ञ सापडेपर्यंत थांबू नका. अमरावतीच्या इर्विनमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आपल्याच जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातलीच माणसं शिकून घरोघरी गेली. उदासीनतेचा आजार असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारे आधी शंभरात चार होते, ते सत्तावीस झाले. दार वाजवणारं कोणी असलं, की वऱ्हाडातला माणूस बोलतो.

जाऊबाईंच्या सात भेटी झाल्या. शेवटी त्यांनी दोन आणे सांगितले. यंदा कापसाच्या ट्रॉल्या दारावरून जात होत्या, तेव्हा त्या ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा सुपाकडे वळल्या. भासऱ्यांच्या मागे गाडीवर दिवसा बसतात. रात्री नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "रातच्याले कायले जा लागते? सकाळची येस्टी हाये नं."