उसने रक्त



कामगार चळवळीतल्या माणसाने सायकलच्या शर्यतींवर का बोलावे, असे कोणी विचारील. पण शर्यतीतला स्वारही अंगमेहनत करणाराच माणूस. त्याच्या देहावर अखेर सत्ता कोणाची, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

एडवर्ड बोरिसेविच हा 1939 साली जन्मलेला पोलंडचा सायकलपटू. ऐन उमेदीत डॉक्टरांनी त्याला क्षय असल्याचे चुकीचे निदान केले. नसलेल्या रोगावरच्या औषधांनी यकृत बिघडले आणि मोठ्या यशाची आशा मावळली. मग तो शारीरिक शिक्षणाचे शास्त्र शिकला, प्रशिक्षक झाला. 1976 मध्ये तो अमेरिकेत आला आणि 1977 साली तिथल्या राष्ट्रीय संघाची सूत्रे त्याच्या हाती आली. इंग्रजी जेमतेम, पण स्वाराची बैठक, वजन, वर्षभराचा सराव, सारे त्याने शिस्तीत आणले. कोवळ्या वयातल्या ग्रेग लेमाँडचे गुण त्याने हेरले. हाच मुलगा 1986 साली टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला.

1984 चे ऑलिंपिक लॉस एंजेलिसला भरले. 1912 पासून अमेरिकेला सायकलिंगमध्ये एकही पदक नव्हते. या वेळी 9 मिळाली, त्यांत 4 सुवर्ण. रशिया व पूर्व जर्मनी आले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. रस्त्यावरची शर्यत पुरुषांत अलेक्सी ग्रेवालने जिंकली. त्याचे वडील भारतातून गेलेले शीख. स्त्रियांत कॉनी कार्पेंटर पहिली आली. पुढच्या प्रकाराशी या दोघांचा संबंध नाही.

काही महिन्यांनी उघडकीस आले, की संघातल्या 24 पैकी 7 जणांना शर्यतींपूर्वी रक्त चढविले होते. रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात; त्या वाढल्या की दम अधिक टिकतो. स्वतःचे रक्त साठवायला वेळ नव्हता, म्हणून नातेवाइकांचे व इतरांचे घेतले. काहीजण आजारी पडले.

बचाव असा झाला, की नियमात तशी बंदी नव्हती. हे खरेच होते. बंदी मागाहून आली. पण मंडळी, हे उत्तर आम्हां कामगारांच्या ओळखीचे आहे. यंत्राला जाळी लावावी असा कायदा होण्यापूर्वी तुटलेली बोटे काय कायदेशीर म्हणून दुखली नाहीत? कोणी म्हणेल, स्वारांनी आपखुशीने होकार दिला. ज्याच्या हाती संघातली जागा आहे त्याच्यासमोर दिलेला होकार कितपत मोकळा असतो, हे बदली कामगाराला विचारा.

1985 साली बोरिसेविचला तीस दिवस बिनपगारी निलंबित केले. पुढेही त्याने अनेक स्वार घडविले. नोव्हेंबर 2020 मध्ये कोविडने तो वारला. त्याची विद्या मोठी होती, हे मी नाकारीत नाही. पण चुकीच्या उपचाराने देह कसा नासतो हे ज्याने स्वतः भोगले, त्याच्याच संघात हे घडले. म्हणून केवळ चांगल्या माणसावर भिस्त ठेवून चालत नाही. खेळाडूच्या बाजूने बोलणारा, प्रशिक्षकाच्या हाताखाली नसलेला डॉक्टर हवा. आणि नाही म्हणणाऱ्याची जागा सुरक्षित हवी.